फॉरमॅट मारण्याआधी

पेरण्या आटोपून विम्याचे दिवस आले होते. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता, आणि पुलगावात स्टेशनकडच्या रस्त्यावर माझ्या मावसभावाचं जे ऑनलाइन सेंटर आहे, तिथं सकाळी आठपासून सातबारा, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेतलेली माणसं उभी राहू लागली. अशाच एका सकाळी त्याच्या दोन संगणकांपैकी एकावरही काम धड होईना. पहिल्यावर पानातले रकाने एकमेकांवर चढलेले, दुसऱ्यावर कुठलंही पान उघडलं की लाल खुणेचा इशारा. ब्राउझर जुना झाला असेल म्हणून भावानं पहिल्या मशीनवर नवा टाकायला घेतला. पट्टी थोडी पुढे गेली, एक इंग्रजी खिडकी आली, त्यानं ‘ओके’ दाबलं आणि सगळं गायब. तीनदा केलं, तीनदा तेच. मग शेजारच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराला हाक मारली. त्यानं माउस दोनदा हलवला आणि निकाल दिला, “दादा, याले फॉरमॅट मारा लागते.”

रांगेतले एक काकाजी घाबरले. “काहून बा, मंग आमचा फारम बी उडते का त्याच्यात?”

फॉरमॅट मारणं हा आपल्याकडचा रामबाण काढा आहे. संगणक हळू चालतो, मारा फॉरमॅट. प्रिंटर ओळखत नाही, मारा फॉरमॅट. पण ब्राउझरचं अपडेट फसलं म्हणून अख्खी विंडोज पुसणं म्हणजे कुलूप उघडेना म्हणून भिंत पाडण्यासारखं आहे, आणि पुष्कळदा भिंत पाडूनही कुलूप तसंच राहतं. ‘अपडेट फसलं’ हे निदान नव्हे, ती नुसती तक्रार आहे. ‘पोट दुखतं’ म्हटल्यावर डॉक्टर जसा कुठं दुखतं ते दाबून बघतो, तसं अपडेट नेमकं कुठल्या टप्प्यावर अडलं हे बघायला हवं. टप्पे फार नाहीत. ब्राउझर आधी कंपनीच्या सर्व्हरला विचारतो की नवं काही आहे का. असेल तर फाइल उतरवतो. ती खरी कंपनीचीच आहे ना, हे तिच्यावरची डिजिटल सही तपासून बघतो. मग डिस्कवर नव्या फाइली मांडतो. शेवटी जुन्या काढून नव्या त्यांच्या जागी बसवतो आणि तुमचे बुकमार्क, पासवर्ड, इतिहास नव्याच्या हाती देतो.

यातला सगळ्यात नाजूक टप्पा अदलाबदलीचा, कारण ब्राउझर हा चालता चालता स्वतःलाच बदलत असतो. पुलगावच्या माणसाला हे पटकन कळावं. वर्धा नदीवरच्या रेल्वेपुलावरूनच गावाला हे नाव पडलं असं इथं सगळे सांगतात. मुंबई-नागपूरच्या रुळांवरचा पूल बदलायचा तर गाड्या महिनाभर थांबवता येत नाहीत. नवा गर्डर बाजूला तयार ठेवतात, काही तासांचा ब्लॉक घेतात, जुना सरकवतात, नवा बसवतात. क्रोम विंडोजवर अगदी हेच करतो. त्याच्या फोल्डरात आवृत्तीच्या आकड्याचं एक नवं उपफोल्डर तयार होतं, जुनं तसंच राहतं. मुख्य प्रोग्रामची नवी प्रत ‘न्यू क्रोम’ अशा नावानं शेजारी येऊन थांबते. तुम्ही क्रोम पूर्ण बंद करून पुन्हा उघडलात की तेवढ्या ‘ब्लॉक’मध्ये नावं बदलली जातात. या व्यवस्थेचा मोठा फायदा असा की अपडेटच्या मध्यात लाइट गेली तरी बहुधा जुना पूल शाबूत असतो.

पण ब्लॉक मिळालाच नाही तर? बऱ्याच ऑनलाइन सेंटरांवर ब्राउझर कधी बंदच होत नाही. पंचवीस टॅब उघडे, रात्री नुसता स्क्रीन बंद, सकाळी पुन्हा तेच. क्रोम बिचारा कोपऱ्यात रंग बदलून विनवणी करत असतो: अपडेट येऊन दोन दिवसांच्या आत असेल तर हिरवा, चारेक दिवस झाले की नारिंगी, आठवडा उलटला की लाल. शिवाय खिडकी मिटली म्हणजे ब्राउझर बंद झाला असंही नाही. खिडकी मिटल्यावरही मागे चालू राहण्याची एक सोय सेटिंगमध्ये असते आणि ती सुरू असेल तर टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या प्रक्रिया जिवंत दिसतात. त्या तिथून संपवल्या की अनेक ‘फसलेली’ अपडेट आपोआप पार पडतात. विंडोज ८ पासून आणखी एक गंमत आली आहे. ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पुरता विझत नाही. लवकर सुरू होता यावं म्हणून विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो. ताजी सुरुवात हवी तर ‘रीस्टार्ट’च करावं लागतं. म्हणजे “मी तर रोज बंद करतो” म्हणणाऱ्याचा संगणक महिनाभर खऱ्या अर्थानं बंद झालेलाच नसतो.

उतरवण्याच्या टप्प्यावर एक कारागिरी आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दर चार आठवड्यांनी शंभर एमबीच्या आगेमागे असलेली फाइल जगभरातल्या प्रत्येक संगणकावर पाठवणं महागात पडतं. (क्रोमचं हे चार आठवड्यांचं चक्र सप्टेंबर २०२१ मध्ये आवृत्ती ९४ पासून सुरू झालं, त्याआधी ते सहा आठवड्यांचं होतं.) म्हणून सगळा ग्रंथ पुन्हा न पाठवता नुसतं शुद्धिपत्र पाठवतात: अमुक पानावर अमुक ओळीत अमुक बदला. कॉलिन पर्सिव्हल यांनी २००३ च्या सुमारास लिहिलेला ‘बीएसडिफ’ हा असं शुद्धिपत्र काढणारा प्रोग्राम, आणि फायरफॉक्सची छोटी अपडेट त्याच घराण्यातली. गूगलच्या लोकांनी २००९ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन ‘कोर्जेट’ नावाची रीत काढली. त्यांनी दिलेल्या एका उदाहरणात पूर्ण अपडेट १ कोटी ३ लाख ८५ हजार बाइटचं होतं, बीएसडिफनं ते ७ लाख ४ हजारांवर आलं आणि कोर्जेटनं ७८ हजार ८४८ वर. कोर्जेट म्हणजे आपल्या दोडक्या-भोपळ्याच्या कुळातली एक भाजी. पुढे तिची जागा घेणाऱ्या रीतीचं नाव ठेवलं ‘झुकिनी’, म्हणजे तीच भाजी, फक्त अमेरिकी नावाची. प्रोग्रामरांचा विनोद हा असा असतो.

शुद्धिपत्राची अडचण उघड आहे. तुमच्याकडचा ग्रंथ नेमका त्याच आवृत्तीचा हवा. त्यातलं एक पान कुणी फाडलं किंवा बदललं असेल तर ‘पान ४२, ओळ ७’ याला अर्थ उरत नाही. अँटिव्हायरसनं एखादी फाइल संशयावरून उचलून नेली, डिस्कवर एखादा भाग खराब झाला, किंवा कुठल्याशा ‘स्पीड वाढवा’ छाप प्रोग्रामनं साफसफाईच्या नादात हात मारला, की छोटं अपडेट बसत नाही. अशा वेळी फायरफॉक्स स्वतःहून पूर्ण प्रत मागवतो. तीही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अर्ध्यात तुटत असेल, तर तेच ते बटण दाबत बसण्यात अर्थ नाही. ब्राउझरच्या अधिकृत साइटवर इन्स्टॉलर दोन प्रकारचे असतात. एक लहानसा, जो चालवल्यावर उरलेलं सगळं इंटरनेटवरून ओढतो, आणि दुसरा पूर्ण, ऑफलाइन चालणारा. दुसरा एखाद्या चांगल्या जोडणीवर उतरवून पेनड्राइव्हनं आणायचा. जुन्यावरच तो चालवला तरी बुकमार्क जात नाहीत, कारण तुमचा डेटा प्रोग्रामच्या फोल्डरात राहतच नाही, तो तुमच्या यूजरच्या खात्यात वेगळा असतो. ‘आधी जुनं काढून टाका’ हा सल्ला म्हणून शेवटचा ठेवावा. आणि काढताना ‘ब्राउझिंगचा डेटाही पुसा’ या चौकटीत टिचकी मारू नये. लोकांचे बुकमार्क जातात ते बहुतेक त्या टिचकीनं.

फायरफॉक्सवाल्यांना एक वेगळा धक्का बसतो. पुन्हा इन्स्टॉल केल्यावर ब्राउझर कोरा उघडतो आणि वाटतं, सगळं गेलं. मे २०१९ च्या आवृत्ती ६७ पासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं वेगळं प्रोफाइल देतो. नवा प्रोग्राम दुसऱ्या फोल्डरात बसला, किंवा ३२ बिटच्या जागी ६४ बिटचा आला, तर तो नवं, रिकामं प्रोफाइल उघडू शकतो. जुनं त्याच डिस्कवर शांत पडलेलं असतं. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:प्रोफाइल्स’ हे इंग्रजी अक्षरांत लिहिलं की सगळ्यांची यादी येते आणि जुन्याला पुन्हा मुख्य करता येतं.

हे झालं सर्वसाधारण ज्ञान. आमच्या मशीनचं काय झालं होतं? चौथ्यांदा इन्स्टॉलर चालवला तेव्हा मी भावाचा हात धरला आणि ती इंग्रजी खिडकी वाचली. तिनं स्पष्टच लिहिलं होतं की यापुढे विंडोज १० किंवा त्यापुढची हवी, हा संगणक विंडोज ७ वर आहे. संगणकाची निम्मी दुरुस्ती ‘ओके’ दाबण्याआधी वाचण्यात असते. आपण वाचत नाही, कारण ती इंग्रजीत असते आणि मागे रांग असते. तेही खरंच.

विंडोज ७ चं नेहमीचं आयुष्य १४ जानेवारी २०२० ला संपलं. पैसे भरणाऱ्या संस्थांसाठी सुरक्षेची अपडेट १० जानेवारी २०२३ पर्यंत चालली. त्यानंतर महिनाही झाला नाही तोच, ७ फेब्रुवारी २०२३ ला, क्रोम ११० आला आणि त्यानं विंडोज ७, ८ आणि ८.१ चा हात सोडला. त्यांच्यासाठी शेवटचा क्रोम १०९. लोक विचारतात, ब्राउझरला विंडोजशी काय घेणंदेणं? घेणंदेणं असं की मेमरीची राखण, खिडक्या रंगवणं, आणि एखादं दुष्ट पान उघडलंच तर त्याला कोंडून ठेवणारी कोठडी, हे सगळं ब्राउझर विंडोजकडून उसनं घेतो. पुलगावात मुंबई-नागपूरची साडेपाच फुटी ब्रॉडगेज आणि आर्वीला जाणारी अडीच फुटी नॅरोगेज एकाच स्टेशनात भेटायच्या. इंजिन कितीही दमदार असो, मोठ्या रुळांवरचं आर्वीच्या रुळांवर चढणार नाही. आर्वीकडून आलेल्या मालाच्या गाठी इथं एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवाव्या लागत. त्या गाठी उचलणाऱ्या हमालाला कुणी सांगितलं नसेल की इंजिन फॉरमॅट मार.

पण मग प्रश्न उरतो की पहिल्या मशीनवर पानाचे रकाने का चढले होते. १०९ तर जेमतेम सहा महिने जुना. ‘क्रोमविषयी’ हे पान उघडल्यावर उत्तर मिळालं. आवृत्ती ऐंशीच्या घरातली होती, म्हणजे २०२० मधली. तीन वर्षं अपडेट झालंच नव्हतं. हे मशीन भावानं सेकंडहँड घेतलेलं, कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं, आणि मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की हा ब्राउझर तुमची संस्था सांभाळते. संस्था कधीच सोडून गेली होती, तिचे नियम रजिस्ट्रीत मागे राहिले होते, त्यात ‘अपडेट करू नये’ हाही एक. सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांनी ‘क्रोम://पॉलिसी’ हे पान (पत्ता अर्थातच इंग्रजीत) एकदा उघडून बघावंच. घरच्या संगणकावर तिथं काही नसायला हवं. याच जातीचा दुसरा त्रास ‘लाइट विंडोज’चा. संगणक हलका व्हावा म्हणून कुणीतरी कातरलेल्या अशा प्रतींमध्ये ब्राउझरच्या अपडेटची सेवाच बंद करून ठेवलेली असते. मग विचारण्याचा पहिला टप्पाच होत नाही, आणि ब्राउझर वर्षानुवर्षं स्वतःला तरुण समजत बसतो.

दुरुस्तीवाल्या पोरानं इथं पुन्हा फॉरमॅटचा विषय काढला. त्याच्याकडची डीव्हीडी विंडोज ७ चीच होती, सर्व्हिस पॅक १ ची, म्हणजे २०११ मधली. त्याला विचारलं, हे टाकलं की काय होईल? संगणक २०११ मध्ये जाईल. तिथला इंटरनेट एक्सप्लोरर ८ सुरुवातीच्या सेटिंगवर आजच्या बहुतेक साइटशी बोलूच शकत नाही, कारण सुरक्षित जोडणीची जी भाषा त्या बोलतात ती त्याच्यात बंद असते. नव्या इन्स्टॉलरांवरच्या सह्या ज्या पद्धतीच्या आहेत, त्या ओळखायला विंडोज ७ ला २०१९ चं एक वेगळं अपडेट लागतं, तेही नसेल. प्रिंटरचा ड्रायव्हर जाईल, अंगठ्याच्या यंत्राचा जाईल, डिजिटल सहीच्या टोकनचा जाईल. रांग मात्र २०२३ मध्येच उभी राहील.

नशीब असं की त्याच महिन्यात, ४ जुलैला, फायरफॉक्स ११५ आला होता. विंडोज ७ वर चालणारी फायरफॉक्सची ही शेवटची शाखा. तिला दीर्घ मुदतीची सुरक्षा-अपडेट मिळणार होती, आणि ती मुदत फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं पुढे वाढवलीही. मी माझ्या लॅपटॉपवर त्याचा पूर्ण इन्स्टॉलर उतरवला. ३२ बिटचा. त्या मशीनमध्ये २ जीबी रॅम आणि ३२ बिटची विंडोज होती, आणि ६४ बिटचा प्रोग्राम तिच्यावर बसलाच नसता. ‘इन्स्टॉल होत नाही’ या तक्रारीचं तेही एक नेहमीचं कारण. क्रोमला हात न लावता फायरफॉक्स शेजारी बसवला. पान नीट उघडलं. विंडोज ७ वरचा ब्राउझर नवा झाला तरी खालची विंडोज जुनीच राहते, म्हणून बँकेचं काही या मशीनवर करू नको, असं भावाला बजावून ठेवलं.

दुसरं मशीन तर विंडोज १० चं होतं, धडधाकट. त्याच्यावरचा लाल इशारा नीट वाचला तर तो साइटबद्दल नव्हताच. तुमचं घड्याळ मागे आहे, असं तो सांगत होता. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी, आणि वर्ष मदरबोर्डच्या जन्माचं. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणकाच्या लेखी अजून ती सुरुवातच झालेली नसेल तर त्याला प्रत्येक साइट खोटी वाटते, आणि अपडेटचं काम जिथं अशाच प्रमाणपत्रावर विसंबलेलं असतं तिथं तेही अडतं. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. संगणक बंद असताना घड्याळ तोच चालवतो. भाऊ रोज रात्री विजेच्या भीतीनं भिंतीतलं बटण बंद करतो, ते योग्यच आहे, पण त्यामुळे रात्रभर घड्याळाचा सगळा भार त्या सेलवर येतो आणि काही वर्षांत तो संपतो. तारखेच्या याच गोष्टीची उलटी बाजू १४ मार्च २०२५ ला जगभर दिसली. फायरफॉक्सच्या आतलं एक मूळ प्रमाणपत्र त्या दिवशी संपलं, आणि आवृत्ती १२८ च्या आधीच्या, किंवा दीर्घ शाखेत ११५.१३ च्या आधीच्या ब्राउझरांमधली जोड-साधनं त्यामुळे बंद पडू शकत होती. तिथं घड्याळ बरोबर होतं आणि ब्राउझर जुना होता.

एक इशारा इथंच देऊन ठेवतो, कारण सेंटरवर येणाऱ्या पोरांना हा फटका बसताना मी बघितला आहे. एखादं पान उघडल्यावर त्या पानाच्या आतच ‘तुमचा ब्राउझर जुना आहे, इथं दाबून अपडेट करा’ अशी फाइल पुढे आली, तर ती ब्राउझरची नसते. खरं अपडेट ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूतून येतं, कुठल्याही वेबपानातून नाही. ‘सॉकगोलिश’ नावानं ओळखला जाणारा चोरटा प्रकार गेली कित्येक वर्षं अशाच खोट्या अपडेटच्या आडून संगणकात शिरतो आहे, आणि त्याचं इन्स्टॉलेशन कधी फसत नाही.

विंडोज १० चीही पाळी नंतर आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिची नेहमीची अपडेट संपली, आणि पुन्हा दुकानादुकानांतून ‘आता ब्राउझर बंद होणार’ अशी आवई उठली. तसं नाही. विंडोज ७ च्या वेळीही क्रोम नेहमीची मुदत संपल्यावर तीन वर्षं साथ देत राहिला होता, आणि मायक्रोसॉफ्टनं आपला एज ब्राउझर विंडोज १० वर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होत राहील असं जाहीर केलं आहे. घाईघाईनं मशीन भंगारात घालायचं कारण नाही. विंडोज ११ ला सुरक्षेची टीपीएम २.० ही चिप आणि त्यामानानं नवा प्रोसेसर लागतो, सेकंडहँड बाजारातली पुष्कळ मशीनं तिथं अडतात. नुसतं ब्राउझिंग आणि छपाई करायची असेल तर त्यांच्यावर हलकी लिनक्स उत्तम चालते. मात्र अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर तिच्यासाठी मिळतो का, ते आधी बघावं. सेंटरवाल्यांचं घोडं बहुधा तिथंच पेंड खातं.

दुरुस्तीवाल्या पोरानं दुसऱ्या मशीनचं झाकण उघडलं, नखानं जुना सेल उचकटला, नवा बसवला, तारीख टाकली. क्रोम उघडून ‘क्रोमविषयी’ वर गेलो, पट्टी सरकली, ‘पुन्हा सुरू करा’ आलं, दाबलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली नसतील. त्यानं सेलचे पैसे घेतले, हाताचे घेतले नाहीत. काकाजींचा फॉर्म साडेबाराला गेला. पावती छापायला घेतली तेव्हा प्रिंटरनं शाई संपल्याचं सांगितलं.